दुसऱ्या गिअरमध्ये ठरलेली घरपट्टी

इंग्लंडमधलं कुठलंही घर घ्या. लंडनमधला फ्लॅट, लीड्समधलं लाल विटांचं ओळीतलं घर, किंवा गेल्याच वर्षी बांधून झालेली नवीकोरी इमारत. त्या घराला दरवर्षी किती घरपट्टी भरावी लागेल हे एका विचित्र प्रश्नाच्या उत्तरावरून ठरतं. हे घर १ एप्रिल १९९१ रोजी बाजारात विकायला काढलं असतं, तर किती पौंडांना गेलं असतं?

हो, १९९१. तेव्हा घर अस्तित्वातच नव्हतं? हरकत नाही, होतं असं समजायचं. पूर्व लंडनमध्ये स्ट्रॅटफर्डला २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी खेळाडूंची जी वसाहत बांधली, तिथे आता लोक राहतात. १९९१ मध्ये त्या भागात रेल्वेच्या जमिनी होत्या. तरी तिथल्या प्रत्येक फ्लॅटला १९९१ ची एक काल्पनिक किंमत आहे आणि लोक त्या किमतीवर खऱ्या पौंडांत कर भरतात.

या कराचं नाव कौन्सिल टॅक्स. आपल्याकडच्या घरपट्टीचा हा ब्रिटिश भाऊ म्हणा. फरक एवढाच की आपल्याकडे ती घरमालक भरतो आणि तिकडे बहुतेक वेळा घरात राहणारा भरतो, मग तो भाडेकरू का असेना. माझं पीएचडीचं काम एकगठ्ठा मूल्यांकनावर आहे. म्हणजे एकेका घराचं दार न वाजवता लाखो घरांच्या किमती एकदम कशा अंदाजायच्या, आणि त्या अंदाजातली चूक नेमकी कोणाच्या वाट्याला येते. या विषयात कौन्सिल टॅक्स टाळून पुढे जाताच येत नाही. एका अख्ख्या देशाने घाईघाईत केलेलं हे मोजमाप आहे, आणि तीस वर्षांहून जास्त काळ त्यावर बिलं निघत आहेत.

घाई का झाली, ते आधी बघू.

इंग्लंडमध्ये घरावरचा स्थानिक कर जुना आहे. १६०१ च्या गरीब कायद्याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, गोरगरिबांच्या पोटापाण्यासाठी मालमत्ताधारकांकडून पैसे गोळा करण्याचा अधिकार दिला. त्यातूनच पुढे 'रेट्स' नावाचा कर उभा राहिला. त्याचा आधार होता भाडं. हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती आले असते, त्या अंदाजावर कर. कल्पना बरी होती, पण एक अडचण होती. भाडी बदलतात, वस्त्या बदलतात, म्हणजे ठरावीक वर्षांनी सगळ्या घरांचं मूल्यांकन नव्याने करायला हवं. आणि ते केलं की काहींचा कर वाढणार, ज्यांचा वाढला ते बोंब मारणार, ज्यांचा कमी झाला ते गप्प बसणार. कुठल्या राजकारण्याला हे आवडेल? इंग्लंड-वेल्समध्ये रेट्ससाठी घरांचं शेवटचं फेरमूल्यांकन १९७३ मध्ये झालं. त्यानंतरचं पुढे ढकललं, मग परत ढकललं.

स्कॉटलंडमध्ये मात्र १९८५ मध्ये फेरमूल्यांकन झालं आणि व्हायचं तेच झालं. मध्यमवर्गीय घरांची बिलं वाढली. ही मंडळी बहुतांशी सत्ताधारी हुजूर पक्षाची मतदार, ती खवळली. मार्गारेट थॅचर यांच्या मनात रेट्स रद्द करायचं फार आधीपासून होतं. १९७४ च्या निवडणुकीतही त्यांनी तसं आश्वासन दिलं होतं. एकटी म्हातारी बाई मोठ्या घरात राहते आणि शेजारच्या तसल्याच घरात चार कमावती माणसं राहतात, दोन्ही घरांना सारखाच कर, हा कुठला न्याय, असा हुजूर पक्षाचा युक्तिवाद. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे घरावर कर नकोच, माणसावर लावा. डोईपट्टी. अधिकृत नाव 'कम्युनिटी चार्ज', पण लोकांनी त्याला नाव दिलं पोल टॅक्स, आणि तेच चिकटलं. १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये तो लागू झाला.

इंग्लंडमध्ये हा प्रयोग आधी एकदा झाला होता. १३७७ ते १३८१ दरम्यान तीनदा डोईपट्टी लावली गेली, आणि तिसऱ्या वेळी शेतकऱ्यांचं बंड झालं. सहाशे वर्षांनी फार वेगळं घडलं नाही. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात मोठी दंगल झाली. लाखो लोकांनी कर भरायलाच नकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात थॅचर यांना पद सोडावं लागलं. कारणं इतरही होती, पण पोल टॅक्स त्यातलं मोठं. (स्कॉटलंडमध्ये या कराची थकबाकी वसूल करणं कायद्याने कायमचं बंद व्हायला २०१५ उजाडावं लागलं!)

नवे पंतप्रधान जॉन मेजर आणि त्यांचे पर्यावरणमंत्री मायकेल हेसेल्टाइन यांच्यासमोर पहिलं काम होतं, ही आग विझवा. मार्च १९९१ च्या अर्थसंकल्पात व्हॅट १५ वरून १७.५ टक्के केला आणि त्या पैशांतून प्रत्येकाच्या पोल टॅक्समध्ये १४० पौंडांची सूट दिली. पोल टॅक्स जाणार हे ठरलं. त्याच्या जागी येणारा नवा कर १ एप्रिल १९९३ पर्यंत सुरू व्हायलाच हवा होता.

म्हणजे हातात साधारण दोन वर्षं. आणि किंमत ठरवायची घरं दोन कोटींच्या आसपास.

मला या इतिहासातला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो. दोन कोटी घरांची अचूक किंमत काढायची तर प्रत्येक घरात जावं लागेल, मापं घ्यावी लागतील, आणि मग प्रत्येक मालक पाचशे पौंडांसाठीसुद्धा भांडायला येईल. यावर तोडगा निघाला तो बँडचा. अचूक किंमत नकोच, घर कुठल्या टप्प्यात बसतं एवढंच ठरवायचं. इंग्लंडसाठी आठ टप्पे केले. ४० हजार पौंडांपर्यंत बँड ए, तिथून ५२ हजारांपर्यंत बी, ६८ पर्यंत सी, ८८ पर्यंत डी, एक लाख २० हजारांपर्यंत ई, एक लाख ६० पर्यंत एफ, तीन लाख २० पर्यंत जी, आणि त्यावरचं सगळं एच. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये टप्पे वेगळे, कारण तिथे घरं स्वस्त होती. उत्तर आयर्लंड या भानगडीत पडलंच नाही, तिथे आजही रेट्सच आहेत.

टप्प्यांचं काम महसूल खात्याच्या मूल्यांकन कार्यालयाकडे होतं. मनुष्यबळ पुरेना म्हणून खाजगी इस्टेट एजंट आणि सर्व्हेअर यांना कंत्राटं दिली गेली. बरीच घरं कोणी आत जाऊन पाहिलीच नाहीत. रस्त्याच्या एका टोकाकडून गाडी दुसऱ्या टोकाला न्यायची, जाता जाता खिडकीतून बघायचं आणि नोंद करायची. ही जोडघरं सी, ती कोपऱ्यावरची डी, पुढची चार परत सी. गाडी इतकी हळू चालवायची की गिअर दुसऱ्याच्या वर जात नसे, म्हणून या पद्धतीला 'सेकंड गिअर व्हॅल्युएशन' असंच नाव पडलं. ही मंडळी आळशी होती असं नाही. त्यांना दिलेला वेळच तेवढा होता.

त्यात वर्षही नेमकं अवघड निवडलं गेलं. ब्रिटनमधला घरबाजार १९८९ च्या सुमारास शिखरावर जाऊन खाली यायला लागला होता. १९९१ मध्ये मंदी होती, व्यवहार कमी होते. ज्या रस्त्यावर त्या वर्षी एकही घर विकलं गेलं नाही, तिथल्या घरांची 'त्या दिवशीची बाजारभावाची किंमत' म्हणजे जाणकाराचा अंदाजच. शिवाय कायद्याने काही गोष्टी गृहीत धरायला सांगितल्या. घर रिकामं आहे, बऱ्यापैकी दुरुस्त अवस्थेत आहे, फ्लॅट असेल तर ९९ वर्षांच्या लीजवर आहे, वगैरे. आणि किंमत १९९१ ची, पण घराचा आकार, रचना आणि परिसर मात्र १ एप्रिल १९९३ ला जसा होता तसा!

आता थोडं गणित. घाबरू नका, एकच उदाहरण आहे.

समजा एका घराची १९९१ ची 'खरी' किंमत ५० हजार पौंड आहे. म्हणजे ते बँड बी मध्ये बसायला हवं. गाडीतून बघणाऱ्या माणसाचा अंदाज साधारण दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होतो असं धरू (दहा टक्के हा आकडा मी उदाहरणासाठी घेतोय म्हणा, प्रत्यक्षात तो रस्त्यागणिक बदलेल). संख्याशास्त्राच्या भाषेत, चूक घंटेच्या आकाराच्या वक्रात पसरलेली आणि तिचं प्रमाण विचलन पाच हजार पौंड. अशा घराचा अंदाज ५२ हजारांच्या वर जाण्याची शक्यता ३४ टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे अशा दर तीन घरांतलं एक चुकून सी मध्ये जाणार. आता २ लाख ४० हजारांचं घर घ्या, तीच दहा टक्क्यांची चूक. बँड जी १ लाख ६० हजारांपासून ३ लाख २० हजारांपर्यंत पसरलेला. या घराचा अंदाज बँडबाहेर पडण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास. चूक करणारा माणूस तोच, गाडी तीच, पण रुंद टप्प्याच्या मधोमध बसलेल्या महागड्या घराला ती चूक दिसतच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बी ते एफ हे सगळे टप्पे टक्केवारीच्या हिशेबात जवळपास सारख्याच रुंदीचे आहेत, तीस ते छत्तीस टक्के. त्यामुळे 'गरिबांच्याच घरांना चुकीचा बँड लागला' असं सरसकट म्हणता येणार नाही. मधल्या सगळ्यांनाच धोका आहे. पण जी हा टप्पा एकदम दुप्पट रुंदीचा आहे आणि एच ला वर छप्परच नाही. आणि बँड ए च्या घराला खाली सरकायला जागाच नाही. त्याची चूक झाली तर ती वरच्याच दिशेने होणार.

आणि चूक झाली तर नुकसान किती? कर ठरतो बँड डी च्या नवव्या हिश्श्यांत. ए ला सहा हिस्से, बी ला सात, सी ला आठ, डी ला नऊ, मग ११, १३, १५ आणि एच ला १८. इंग्लंडमध्ये बँड डी चा सरासरी कर १९९३-९४ मध्ये ५६८ पौंड होता, २०२५-२६ मध्ये तो २,२८० पौंड होता. म्हणजे बी च्या जागी सी लागला तर सुरुवातीला वर्षाला ६३ पौंड जास्त, २०२५-२६ मध्ये २५३ पौंड जास्त. एखादं कुटुंब १९९३ पासून त्याच घरात राहत असेल तर सगळं मिळून ढोबळमानाने साडेचार-पाच हजार पौंड जादा भरलेले असतात. आणि बरोबर समोरच्या, अगदी तशाच घरातला शेजारी ते भरत नसतो.

हे लोकांच्या लक्षात कसं आलं? सुरुवातीला आलंच नाही. १९९३ मध्ये कर नवा होता, लोक पोल टॅक्स गेला याच आनंदात होते, आणि रीतसर हरकत घ्यायची मुदत पहिल्या काही महिन्यांत संपली. मग बँड म्हणजे घराच्या नंबरासारखी गोष्ट झाली. पुढे सगळ्या घरांचे बँड इंटरनेटवर उघड बघता यायला लागले. २००७ मध्ये मार्टिन लुईस या ग्राहकहिताच्या पत्रकाराने ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आणली. शेजाऱ्यांचे बँड बघा, मग तुमच्या घराची १९९१ ची किंमत काढा, आणि दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूने असतील तरच अर्ज करा, असा त्यांचा सल्ला. हजारो लोकांनी केला. पैसे परत मिळालेल्यांची पत्रं अजूनही येत असतात.

'दोन्ही असतील तरच' याला कारण आहे, आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांनी हा भाग नीट वाचावा.

घरात नव्याने राहायला येऊन सहा महिन्यांच्या आत असाल तर तुम्हाला रीतसर आव्हान देता येतं. निकाल पटला नाही तर तीन महिन्यांत स्वतंत्र व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे दाद मागता येते, फी नाही. सहा महिने उलटून गेले असतील तर तो हक्क साधारणपणे उरत नाही. मग एकच वाट राहते. मूल्यांकन कार्यालयावर यादी अचूक ठेवण्याची कायद्याने जबाबदारी आहे, तिच्या आधारे 'माझा बँड तपासा' अशी विनंती करायची. त्यासाठी पुरावा लागतो. एक, तुमच्याच रस्त्यावरची किंवा जवळपासची, त्याच आकाराची, वयाची आणि प्रकारची घरं खालच्या बँडमध्ये आहेत हे दाखवा. पाचपर्यंत उदाहरणं पुरतात. दोन, १९९१ च्या जवळपास, म्हणजे १९८९ ते १९९३ दरम्यान, तुमचं किंवा तसलंच घर किती किमतीला विकलं गेलं ते दाखवा.

दुसरा पुरावा मिळवणं कर्मकठीण. इंग्लंड-वेल्सच्या जमीन नोंदणी खात्याची घरविक्रीच्या किमतींची खुली यादी सुरू होते १९९५ पासून. जो दिवस सगळ्यांत महत्त्वाचा, तो यादीच्या चार वर्षं अलीकडे राहिला! मग लोक काय करतात, तर १९९५ नंतरची एखादी विक्री घेऊन नेशनवाइड या संस्थेच्या घरकिमतींच्या निर्देशांकाने ती मागे १९९१ पर्यंत नेतात. स्वतःच्या समाधानासाठी हे ठीक. पण निर्देशांक विभागाची सरासरी सांगतो, तुमच्या गल्लीचं काही सांगत नाही, त्यामुळे अधिकारी त्याला फारसं वजन देत नाहीत. घराची जुनी कागदपत्रं किंवा जुन्या मालकाच्या खरेदीचा आकडा मिळाला तर त्याचं मोल जास्त. स्थानिक वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळून तेव्हाच्या जाहिराती शोधणारे लोक आहेत. (मला हे काम मनापासून आवडतं. पण जाहिरातीतली किंमत ही मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे, हे विसरू नका.)

आता धोका. तपासणीत तुमचा बँड जास्त नाही, उलट कमीच लागलाय असं निघालं, तर तो वाढवला जातो. इतकंच नाही, ज्या शेजाऱ्यांची उदाहरणं तुम्ही दिलीत त्यांचेच बँड चुकून खाली लागले होते असं निघालं तर त्यांचा कर वाढू शकतो. दिवाळीच्या फराळाचं ताट पुढच्या वर्षी त्यांच्या घरी घेऊन जाणं जरा अवघडच! बहुतांश अर्जांचं उत्तर 'बदल नाही' असं येतं, हेही लक्षात असू द्या.

बदल झाला तर मात्र हिशेब तुमच्या बाजूने झुकलेला असतो. बँड सुरुवातीपासूनच चुकीचा होता असं ठरलं तर तुम्ही जेव्हापासून तिथे कर भरताय तेव्हापासूनचे, अगदी १९९३ पासूनचेसुद्धा, जादा पैसे परत मिळतात. बँड मूल्यांकन कार्यालय बदलतं, पैसे स्थानिक कौन्सिल परत करते. वाढ झाली तर ती साधारणपणे यादीत बदल केल्याच्या तारखेपासून, मागची वसुली नाही. घराला तुम्ही नवी खोली जोडली असेल तर त्यामुळे होणारी वाढ घर विकलं जाईपर्यंत लागू होत नाही. तुमच्या आधी त्या घरात राहून गेलेल्या भाडेकरूलाही त्याच्या काळातले पैसे मागता येतात. पण त्याला हे कळवणार कोण? तो एव्हाना दुसऱ्या शहरात असतो. आणि हे सगळं फुकट होतं. 'तुमचा परतावा मिळवून देतो, आमचा अमुक टक्के हिस्सा' असे फोन येतात त्यांना सरळ नको म्हणा.

आपल्यातल्या शिकायला गेलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, ती बँडच्याही आधी तपासा. घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स माफ असतो. एक नोकरी करणारा आणि एक विद्यार्थी असेल तर २५ टक्के सूट. आणि विद्यार्थ्याचा जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल आणि त्याच्या व्हिसावर नोकरी करायला किंवा सरकारी भत्ते घ्यायला मनाई असेल, तर तोही हिशेबातून वगळला जातो. 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळ जोडपी 'नोकरीची परवानगी आहे म्हणजे भरायलाच हवं' असं समजून भरत राहतात.

आता पुन्हा माझ्या विषयाकडे येतो, कारण ज्या गोष्टीने मला या विषयात ओढलं ती परताव्यापेक्षा वेगळी आहे.

मोजमापात दोन तऱ्हेच्या चुका असतात. एक यादृच्छिक चूक, कधी वर, कधी खाली, गाडीतून बघणाऱ्याच्या अंदाजासारखी. दुसरी पद्धतशीर चूक. वजनकाटाच सरकलेला असतो, सगळ्यांचं मोजमाप एकाच ठरावीक पद्धतीने चुकतं. बँडला आव्हान देण्याची ही सगळी यंत्रणा फक्त पहिल्या चुकीसाठी आहे. १९९१ मध्ये तुमच्या घराचा टप्पा चुकला का, एवढंच तिला विचारता येतं. १९९१ नंतर लंडनमधल्या घरांच्या किमती ज्या वेगाने वाढल्या, त्या वेगाने ईशान्य इंग्लंडमधल्या जुन्या खाणकामगारांच्या गावांतल्या वाढल्या नाहीत. तिथला माणूस 'माझं घर देशाच्या मानाने आता फार स्वस्त झालंय, माझा बँड कमी करा' असा अर्ज करू शकत नाही. ते कारणच ग्राह्य नाही. शेजाऱ्याच्या चुकीशी तो भांडू शकतो, तारखेशी नाही.

आणि वरच्या टोकाला तर रचनाच तशी केली आहे. एच चा कर ए च्या तिप्पट. पण १९९१ मध्येच एच मधलं सगळ्यांत स्वस्त घर ए मधल्या सगळ्यांत महाग घराच्या आठपट किमतीचं होतं. यात कोणाची नजर चुकलेली नाही, तो ठरवून घेतलेला निर्णय आहे. श्रीमंत भागातली बिलं आवाक्यात राहावीत म्हणून. एकेकट्या अर्जांमधून हजारो रुंद-अरुंद चुका दुरुस्त होत राहिल्या, पण त्याही तक्रार करणाऱ्यांच्याच. ज्यांना कमी कर लागलाय तो कधी अर्ज करत नाही, आणि ज्यांना जास्त लागलाय त्यांतले इंग्रजी फॉर्मला घाबरणारे, म्हातारे, वर्षावर्षाला घर बदलणारे भाडेकरू हेही करत नाहीत. संख्याशास्त्रात याला निवडीतला पक्षपात म्हणतात. परतावा मिळालेल्यांच्या आकड्यांवरून एकूण किती घरं चुकली याचा अंदाज बांधता येत नाही, तो याचमुळे.

मुंबईकर वाचकांना हे ओळखीचं वाटत असेल. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात घरपट्टीसाठी जी 'रेटेबल व्हॅल्यू' आली ती इंग्लंडच्या रेट्समधूनच. घर वाजवी भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील, तोच निकष. पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि त्याबरोबर त्यांची रेटेबल व्हॅल्यूही गोठली. गिरगावातल्या मोक्याच्या जुन्या इमारतीला नाममात्र कर आणि उपनगरातल्या नव्या फ्लॅटला भरभक्कम, हे मुंबईने कित्येक दशकं पाहिलं. २०१० मध्ये महापालिका भांडवली मूल्याच्या पद्धतीकडे वळली, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले काही नियम रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. म्हणजे गोठलेली तारीख तिकडे १९९१ ची, इकडे १९४० ची. वितळवायला गेलं की दोन्हीकडे भांडण.

ब्रिटनमध्ये हे धाडस एकट्या वेल्सने केलं. १ एप्रिल २००३ च्या किमती धरून तिथे सगळ्या घरांचं फेरमूल्यांकन झालं, वर एक नववा बँड आय जोडला, आणि २००५ पासून ते लागू केलं. जवळपास एक तृतीयांश घरं वरच्या बँडमध्ये गेली, खाली आलेली त्या मानाने फारच थोडी. इंग्लंडमध्ये हेच २००७ मध्ये करायचं ठरलं होतं. वेल्समधला आरडाओरडा ऐकून सप्टेंबर २००५ मध्ये सरकारने ते पुढे ढकललं. स्कॉटलंडने २०१७ मध्ये वरच्या चार बँडचे हिस्से वाढवले, पण घरांच्या किमती १९९१ च्याच ठेवल्या.

वेल्समध्ये पुढचं फेरमूल्यांकन आधी २०२५ मध्ये होणार होतं, ते आता २०२८ वर गेलं आहे, आणि तिथून पुढे दर पाच वर्षांनी ते करण्याचा कायदा २०२४ मध्ये झाला आहे. इंग्लंडने तशी कुठलीही तारीख ठरवलेली नाही. त्यामुळे तुम्ही पुढच्या महिन्यात मँचेस्टरला किंवा स्लाऊला घर घेतलंत, तर पहिल्या सहा महिन्यांत शेजारच्या चार-पाच घरांचे बँड बघून घ्या. सरकारी संकेतस्थळावर पिनकोड टाकला की दिसतात, दहा मिनिटांचं काम आहे.